बारा पणांचा दंड

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ‘रूपदर्शक’ नांवाचा एक अधिकारी सांगितला आहे. नाणीं पाडून घेण्याचें काम लक्षणाध्यक्षाचें. आणि पाडलेलें नाणें व्यवहारांत व राजाच्या कोशांत चालण्याजोगें आहे कीं नाहीं, हें पाहण्याचें काम या रूपदर्शकाचें. पुढें पेशवाईंत हेंच काम पोतदार करीत. आज पोतदार हें नुसतें आडनांव उरलें आहे, आणि पूर्वीं हलक्या नाण्यावर कापला जाणारा बट्टा आतां फक्त माणसाच्या नांवाला लागतो! सर्व देशांत एकच सरकारी चलन झाल्यापासून नाणें पारखून घेण्याची गरज सरली, आणि गरज सरली तशी नजरही सरली.

कोणा वाचकास हें खरें वाटत नसेल, तर त्यानें एक लहानशी परीक्षा द्यावी. खिशांत हात न घालतां सांगावें : रुपयाच्या नाण्यावर सालाच्या आंकड्याखालीं काय असतें? आमच्या घरांत लहानथोर मिळून अकरा माणसें आहेत. दोन वर्षांपूर्वीं रात्रीच्या पंक्तींत आम्हीं हा प्रश्न विचारला, तेव्हां कोणाचाच हात वर झाला नाहीं. थोरले चिरंजीव हिशेबतपासनीस आहेत. पैशाच्या बाबतींत घरांत त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनीं “कांहीं नसतें” असें ठाम उत्तर देऊन ताक मागून घेतलें. आम्हांलाही याचें उत्तर आदल्याच दिवशीं कळलें होतें, हें येथें कबूल केलेलें बरें.

ही विद्या आम्हांस शिकविली ती आमच्या धाकट्या नातवानें. तो तेव्हां पांचवींत होता. उन्हाळ्याच्या सुट्टींत एके दुपारीं दोन रुपये घेऊन तो ओटीवर आला व म्हणाला, “आजोबा, ह्या रुपयाच्या सालाखालीं चांदणी आहे, आणि ह्याच्या सालाखालीं शंकरपाळी आहे. असें कां?” छत्तीस वर्षें मुलांना ‘असें कां’ हा प्रश्न विचारावयास शिकविणाऱ्या मास्तराला त्या प्रश्नाचें उत्तर देतां येईना. दुसऱ्या दिवशीं ग्रंथालयांत जाऊन आम्हीं तें शोधून आणलें.

भारत सरकारच्या टाकसाळी चार. मुंबईची टाकसाळ कोटांत, रिझर्व्ह बँकेसमोर. तिची इमारत १८२४ ते १८३० या काळांत उभी राहिली. कोलकात्याची सध्यांची टाकसाळ आलिपूर येथें १९५२ पासून आहे. हैदराबादची मूळची निजामाची, ती १९५० सालीं भारत सरकारकडे आली. नोएडाची सर्वांत धाकटी, १९८८ सालची. प्रत्येकीची खूण नाण्याच्या सालाखालीं असते. मुंबईची शंकरपाळीच्या आकाराची, हैदराबादची पांच टोंकांची चांदणी, नोएडाचा ठसठशीत टिंब. आणि कोलकात्याच्या नाण्याखालीं कांहींच नसतें. म्हणजे आमच्या हिशेबतपासनिसांचें उत्तर कोलकात्यापुरतें बरोबर होतें, आणि तेवढ्या आधारावर ते आजही वाद घालतात.

याखेरीज क्वचित् परक्या देशाच्या खुणाही सांपडतात. देशांतील टाकसाळींना काम पुरें पडेना, तेव्हां सरकारनें कांहीं नाणीं बाहेरून पाडून आणविलीं. १९८५ सालच्या कित्येक रुपयांवर ‘एच’ हें इंग्रजी अक्षर आढळतें, ते इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें पाडलेले. १९९९ च्या सुमाराच्या कांहीं पांच रुपयांच्या नाण्यांवर रशियन लिपींतील तीन अक्षरें दिसतात, तीं मॉस्कोच्या टाकसाळेचीं. आपल्या देवापुढच्या तबकांतलें नाणें मॉस्कोहून आलें आहे हें कळल्यावर आमच्या सौभाग्यवतींनीं तें दोनदां उलटून पाहिलें, आणि “सिंह तर आपलेच आहेत” असें म्हणून पुनः तबकांत ठेवलें.

तर अशा रीतीनें आमच्या घरीं नाणीं पाहण्याचा छंद शिरला. बँकेंत सुटीं नाणीं शंभर-शंभरांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत मिळतात. लोक सहसा तीं घ्यावयास नाखूष असतात. त्यामुळें हजार रुपयांची नोट पुढें सरकवून—क्षमा असावी, ती नोट २०१६ सालींच गेली—पांचशेंच्या दोन नोटा पुढें सरकवून आम्हीं एक एक रुपयांच्या दहा पिशव्या मागितल्या, तेव्हां रोखपालांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो आमच्या पेन्शनच्या दिवशीं कधीं दिसला नव्हता. महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं दुपारीं ओटीवर जुनें धोतर पसरावयाचें, त्यावर पिशव्या ओतावयाच्या, आणि आजोबा-नातवानें भिंग घेऊन बसावयाचें, असा परिपाठ पडला. प्रथम सूनबाईंच्या पोह्यांच्या परातींत आम्ही नाणीं ओतीत असूं; परंतु दहा हजार हातांची घाण परातींत नको, असा त्यांनीं योग्य निषेध नोंदविल्यावर धोतराची योजना झाली. काम संपल्यावर साबणानें हात धुवावयाचे, हा नियमही त्यांचाच.

पाहण्याचा क्रम असा. आधीं साल, मग सालाखालची खूण, मग नाण्याची कड, आणि शेवटीं दोन्ही बाजूंचा परस्परसंबंध. आपलें नाणें सिंहमुद्रा सरळ दिसेल असें धरून वहीच्या पानासारखें आडवें उलटलें, कीं मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे. अमेरिकेचीं नाणीं मात्र पोथीच्या पानासारखीं खालून वर उलटावीं लागतात, तेव्हां तीं सरळ दिसतात. आपलें नाणें वहीसारखें उलटल्यावर जर मागचा आंकडा कलंडलेला किंवा डोक्यावर उभा दिसला, तर टाकसाळेंत दोहोंपैकीं एक ठसा फिरला होता असें समजावें. वजनासाठीं एक लहान कांटा घेतला आहे. २०११ सालचा रुपया ३.७९ ग्रॅमचा आणि दहा रुपयांचें दुधातूचें नाणें ७.७१ ग्रॅमचें. यांतच एक गंमत कळली. १९९२ पासूनचा जुना पोलादी रुपया आणि २०११ सालचें दोन रुपयांचें नाणें हीं दोन्हीं २५ मिलिमीटर रुंदीचीं व ४.८५ ग्रॅम वजनाचीं आहेत. रिक्षावाल्याला अंधारांत रुपयाऐवजीं दोन रुपये जातात, ते आपल्या वेंधळेपणामुळेंच जातात असें नाहीं.

आतां चुकांविषयीं. नाणें पाडतात तें असें : धातूच्या पत्र्यांतून कोऱ्या चकत्या कापावयाच्या, त्यांच्या कडा उचलावयाच्या, त्या भाजून मऊ करावयाच्या, आणि मग वरचा व खालचा अशा दोन ठशांमध्यें ठेवून प्रचंड दाब द्यावयाचा. यंत्र मिनिटाला शेंकडों नाणीं पाडतें. तेव्हां प्रत्येक पायरीवर चूक संभवते. पत्रा पुढें सरकण्यापूर्वींच कातर बसली, तर चकतीचा एक चंद्रकोरीएवढा तुकडा कमी भरतो. चकती नीट मध्यावर बसली नाहीं, तर ठसा एका बाजूला पडतो व दुसरी बाजू कोरी राहते. ठशाला तडा गेला, तर त्या तड्याची उंच रेघ पुढच्या प्रत्येक नाण्यावर उमटते.

परंतु सर्वांत विलक्षण चूक ती, जिला आपल्याकडील संग्राहक ‘लाखी नाणें’ म्हणतात. गृहिणींना ती पेढ्याच्या दृष्टांतानें कळेल. पेढ्यावर लांकडी ठसा उठवितांना एखादा पेढा ठशालाच चिकटून वर आला, आणि तें लक्षांत न येतां तोच ठसा दुसऱ्या पेढ्यावर दाबला, तर काय होईल? दुसऱ्या पेढ्यावर ठशाची आकृति न उमटतां चिकटलेल्या पेढ्याची आकृति उमटेल, आणि तीही खोलगट व आरशांतल्यासारखी उलटी. लाखी नाण्याचें तसेंच. त्याच्या एका बाजूला आकृति नेहमीप्रमाणें उठलेली, आणि दुसऱ्या बाजूला तीच आकृति उलटी व आंत गेलेली. लाखांत एखादें म्हणून लाखी, अशी समजूत आहे. कित्येक व्यापारी तें शुभ म्हणून गल्ल्यांत ठेवतात. आम्हांस अद्याप एकही सांपडलेलें नाहीं.

शुभ म्हटलें कीं नकलाही आल्याच. दोन चांगलीं नाणीं एकावर एक ठेवून शेगड्यांत आवळलीं, कीं एकाची खोल आकृति दुसऱ्यावर उमटते आणि बाजारांत लाखी म्हणून खपते. परंतु भिंगाखालीं पाहिलें असतां खोल आकृतीच्या तळाशीं त्या नाण्याची स्वतःची मूळ आकृति चिरडलेली दिसते, आणि पाठीमागची बाजूही दबलेली असते. टाकसाळेची चूक ही जन्मजात असते. नंतर केलेली ती दुखापत. आगगाडीच्या रुळावर ठेवून चपटा केलेला रुपया कित्येक मुलें आमच्या नातवाकडे अपूर्व वस्तु म्हणून आणतात. तो अपूर्व नाहीं. उलट नाणें वितळविणें अगर नष्ट करणें हा २०११ च्या नाणेविषयक कायद्यानें गुन्हा आहे, आणि रुळाजवळ जाणें हा त्याहून मोठा मूर्खपणा, हें पालकांनीं मुलांस सांगावें.

टाकसाळेचा प्रमाद कधीं कधीं फार मोठाही होतो. आपल्याकडे १९११ सालीं पंचम जॉर्जचा रुपया निघाला, त्यांत राजाच्या झग्यावरील हत्ती इतका बेढब कोरला गेला कीं लोकांना तो डुकरासारखा दिसला. लोकांत क्षोभ झाला व आकृति तांतडीनें सुधारावी लागली. ‘डुकरी रुपया’ म्हणून तो आज संग्राहकांत प्रसिद्ध आहे. इंग्लंडांत २००८ सालीं वीस पेन्सच्या नाण्याची आकृति बदलली. साल एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर न्यावयाचें होतें. पण एक ठसा जुना व एक नवा असे एकत्र बसले, आणि ज्यावर कोठेंच साल नाहीं अशीं हजारों नाणीं बाजारांत गेलीं. अमेरिकेंत तर बँकेंतून नाण्यांच्या सुरळ्यांच्या पेट्याच्या पेट्या आणून तपासण्याचा छंद पुष्कळांस आहे. तेथें १९६४ पर्यंतचीं दहा सेंट, पंचवीस सेंट व अर्धा डॉलर हीं नाणीं शेंकडा नव्वद रुप्याचीं होतीं. एखादें अजून चुकून चलनांत सांपडलें, तर त्यांतील रुप्याचीच किंमत दर्शनी किंमतीच्या कितीतरी पट येते. आपल्याकडे असें रुपें चलनांतून केव्हांच निघून गेलें. येथें हातीं लागते ती खूण, साल आणि चूक, एवढेंच.

आमच्या वहींतील जमाखर्च सांगावयाचा तर असा. दोन वर्षांत सुमारें बारा हजार नाणीं आम्हीं पाहिलीं. त्यांपैकीं टाकसाळेची खरी चूक असलेलीं निघालीं सात. त्यांतलीं सहा किरकोळ तड्यांचीं. सातवें मात्र नांव घेण्याजोगें. गेल्या श्रावणांत नातवाला असा एक रुपया सांपडला, कीं ज्याचा ठसा सरकून जवळजवळ तिसरा हिस्सा चंद्रकोरीसारखा कोरा राहिला आहे. पुण्यास नाण्यांच्या प्रदर्शनांत एका संग्राहकानें त्याचे नऊशें रुपये देऊं केले. नातवानें तो दिला नाहीं, आणि आम्हीं त्याची पाठ थोपटली.

येथपर्यंत सर्व ठीक होतें. यापुढें घडलें तें आमच्या फुशारकीमुळें घडलें.

पाहून झालेलीं नाणीं पुनः बाजारांत जाणेंच योग्य. नाहींतर आपण छंदाच्या नांवाखालीं लोकांच्या मोडीची टंचाई करूं. म्हणून आमच्या घरचा भाजीचा, दुधाचा, रिक्षाचा खर्च सुट्या नाण्यांनीं होतो. दारावर भाजी घेऊन येणाऱ्या मावशी हीं नाणीं वीस वर्षांच्या ओळखीनें घेतात. मध्यंतरीं दहा रुपयांचें नाणें खोटें असल्याची आवई उठली होती, तेव्हां त्या तें घेईनात. रुपयाचें नवें चिन्ह असलेलें खरें आणि नसलेलें खोटें, असें कोणी त्यांस सांगितलें होतें. रुपयाचें चिन्हच मुळीं २०१० सालीं ठरलें. त्यापूर्वींच्या नाण्यावर तें कोठून येणार? रिझर्व्ह बँकेनें जानेवारी २०१८ मध्यें दहा रुपयांच्या चौदा निरनिराळ्या आकृति चलनांत असून त्या सर्व खऱ्या आहेत असें प्रसिद्ध केलें होतें, तें आम्हीं त्यांस समजावून दिलें. तेव्हांपासून “गुरुजी म्हणालं म्हंजे खरं” असें म्हणून त्या तीं नाणीं घेऊं लागल्या. आमच्या शब्दाला त्यांच्या टोपलींत अशी किंमत होती, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

पुण्याहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशीं त्या दारांत भेंडी तोलीत असतां आम्हीं सहज म्हणालों, “मावशी, आमच्या नातवाला एका रुपयाचे नऊशें येत होते बरें का!” त्यांनीं तागडी खालीं ठेवली व तो रुपया हातीं घेऊन पाहिला. आणखी बारा हजार नाण्यांचें काय झालें, हें आम्हीं सांगितलें नाहीं. तें सांगितलें असतें तर गोष्टीची गोडी गेली असती.

पंधरा दिवसांनीं त्या भाजीशिवाय आल्या. पदराआडून एक गांठोडें काढून ओटीवर ठेवलें व दबक्या आवाजांत त्यांनीं जें सांगितलें तें असें. त्यांच्या मुलाच्या मोबाईलवर एक जाहिरात आली होती : वैष्णोदेवीचें चित्र असलेलें पांच रुपयांचें नाणें असेल, तर त्याचे कांहीं लाख मिळतील. मावशींजवळ तें नाणें होतें. फोनवरील माणूस आपण रिझर्व्ह बँकेंतून बोलतों असें म्हणाला. शिक्क्याचें पत्रही त्यानें पाठविलें. प्रथम नोंदणीचे अकराशें झाले, मग कराचे चोविसशें झाले. आतां तो आणखी पांच हजार मागत होता, आणि ते उसने मिळतील का, हें विचारावयास त्या आल्या होत्या.

“मावशी, अशा माणसावर तुम्हीं विश्वास तरी कसा ठेवलात?” आम्हीं विचारलें.

“त्याच्यावर कुटं ठिवला, गुरुजी? तुमीच म्हणालासा न्हवं, एका रुपयाचं नऊशे येत्यात?”

शाळेंत असतांना पुष्कळ मुलांनीं आम्हांस निरुत्तर केलें आहे. पण इतकें कोणीं केलें नव्हतें.

तें नाणें २०१२ सालीं श्री माता वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त निघालें. तें पुष्कळ पाडलें गेलें व आजही हातोहातीं फिरतें. रिझर्व्ह बँक जुनीं नाणीं व नोटा असा मोबदला देऊन विकत घेत नाहीं, व त्यासाठीं कोणाकडून शुल्क किंवा दलाली मागत नाहीं. आपल्या नांवावर चाललेल्या या फसवणुकीविषयीं तिनें ऑगस्ट २०२१ मध्यें लोकांस जाहीर इशाराही दिला होता. हें सर्व आम्हांस ठाऊक होतें. मावशींना तें सांगण्याचें मात्र आम्हांस सुचलें नव्हतें. चिरंजीवांनीं तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदविली, मुलाला पोलिसांकडे नेलें, बँकेंतही कळविलें. परंतु पैसे जाऊन आठ दिवस लोटले होते. अशा प्रसंगीं पहिले कांहीं तासच महत्त्वाचे असतात. ते साडेतीन हजार अद्याप परत आलेले नाहींत.

त्या रात्रीं आम्हीं अर्थशास्त्र उघडलें. रूपदर्शकाविषयीं त्यांत एक दंड सांगितला आहे. चालू असलेलें चांगलें नाणें जो रूपदर्शक दूषित ठरवील, किंवा दूषित असलेलें नाणें जो चालवून घेईल, त्याला बारा पणांचा दंड. हें वाक्य पूर्वीं आम्हीं अनेकदां वाचलें होतें, आणि तें धातूविषयीं आहे असें समजून पुढें गेलों होतों. आतां वाटलें, तें शब्दालाही लागू आहे. ज्याच्या पारखीवर लोक विसंबतात, त्यानें अर्धी गोष्ट सांगणें हें खोटें नाणें चालविण्यासारखेंच आहे. नऊशें रुपयांची गोष्ट खरी होती. पण धर्मराजाचें अर्धसत्यही खरेंच होतें, आणि त्यानें काय झालें तें आपण जाणतों.

दुसऱ्या दिवशीं मावशींचें गांठोडें सोडलें. त्यांचा आग्रह होता कीं आम्हीं सर्व नाणीं पाहावीं. चारशें बारा नाणीं होतीं. आजोबा-नातू दोघे बसलों. तिसऱ्या प्रहरीं नातवानें दोन रुपयांचें एक नाणें वहीच्या पानासारखें उलटलें, आणि तो थांबला. मागचा आंकडा पुरता आडवा झाला होता. ठसा पाव फेरा फिरलेला. चूक खरी होती. त्यानें हळूच विचारलें, “आजोबा, दोन रुपये ठेवून हें आपण बदलून घेऊं या का? बँकेच्या पिशवींतलें आपण घेतोंच कीं.”

प्रश्न रास्त होता, म्हणून आम्हीं रागावलों नाहीं. बँकेच्या पिशवींतलें नाणें आपण घेतों, त्यांत पाप नाहीं, कारण बँकेच्या हिशेबीं रुपया तेवढा रुपया. ती मोजून देते व आपण मोजून घेतों. तिनें आपल्याला पारखी म्हणून बोलाविलेलें नाहीं. मावशींनीं मात्र गांठोडें आपल्यापुढें सोडलें तें आपल्याला अधिक कळतें म्हणून. ज्याला अधिक कळतें म्हणून बोलाविलें, त्यानें कळलेलें लपविणें ही चोरी. दोन रुपयांचे दोन रुपये ठेवले तरी ती चोरीच. हें आम्हीं नातवास सांगितलें. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग उठून स्वतःच तें नाणें मावशींना दाखवावयास गेला आणि ठसा कसा फिरतो हें त्यांना दोन बटाट्यांच्या चकत्या घेऊन त्यानें समजावून दिलें. लाख नाहींत, हजारही नाहींत. छंदी माणूस दोनअडीचशें देईल, हेंही सांगितलें. पुढच्या प्रदर्शनांत त्याचे अडीचशें आले, ते मावशींना पोंचते केले.

राहिले साडेबत्तीसशें. आम्हीं ते देऊं लागलों, तेव्हां मावशींनीं हात मागें घेतला. “तुमीं काय चोरलंय व्हय माजं? मी फुकाचं घेत न्हाई.” बारा पणांच्या दंडाची हकीकत आम्हीं त्यांस सांगितली. ती ऐकून त्या हंसल्या, पण पैसे कांहीं घेईनात. शेवटीं तोड काढली ती आमच्या सौभाग्यवतींनीं. साडेबत्तीसशें भाजीचे आगाऊ म्हणून द्यावयाचे आणि रोजची भाजी त्यांतून वळती करावयाची. हिशेब चिरंजीव ठेवतात. अजून सातशें चाळीस फिटावयाचे आहेत. आगाऊ घेतल्यापासून मावशी माप किंचित् वरच घालतात असें सूनबाईंचें म्हणणें आहे. म्हणजे दंडही आम्हांस पुरता भरूं देत नाहींत!

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं मुलें आहेत त्यांनीं हा छंद अवश्य सुरू करावा. पैसा लागत नाहीं, कारण ओतलेला रुपया रुपयालाच परत जातो. नजर तयार होते, भूगोल कळतो, आणि म्हातारा व मूल यांना एका धोतराभोंवतीं तास दोन तास बसावयास मिळतें. मात्र चार गोष्टी पाळाव्या. नाणें घांसून पुसून चकचकीत करूं नये. त्यानें त्याची ओळखच पुसली जाते. पाहून झालेलीं नाणीं सांठवूं नयेत, चलनांत सोडावीं. सुटीं नाणीं कोणावर लादूं नयेत. कायद्यानें एक रुपया व त्यावरील नाणीं एका व्यवहारांत हजार रुपयांपर्यंतच देतां येतात, आणि अर्धा रुपया दहा रुपयांपर्यंत. पंचवीस पैसे व त्याखालचीं नाणीं ३० जून २०११ पासून चालत नाहींत, तीं आठवण म्हणून ठेवावीं. आणि चौथी, आम्हीं दंड भरून शिकलेली : सांपडलेल्या एका नाण्याची गोष्ट सांगावयाची असेल, तर न सांपडलेल्या बारा हजारांची आधीं सांगावी.

काल सकाळीं मावशी आल्या, त्यांनीं कंबरेच्या पिशवींतून एक रुपया काढला व नातवाला हांक मारली. “ह्याच्या सालाखालीं शंकरपाळी न्हाई, चांदणी न्हाई, टिंब बी न्हाई. कलकत्त्याचा हाय न्हवं?”

नातवानें भिंग आणून पाहिलें. कोलकात्याचाच होता. चिरंजीव दारांतूनच म्हणाले, “मीं पहिल्याच दिवशीं सांगितलें होतें.”